साखरेचा नवस

लिव्हरचं दुखणं म्हटलं की आमच्याकडे लोक आधी तुमच्या तोंडाचा वास घेतात, मग तब्येत विचारतात. मी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. हे इतक्यांना सांगून झालंय की आता कुणी नाव विचारलं तरी आधी तेच तोंडातून निघतं.

नाव विलास. जळगाव जामोद तालुक्यात, जिथून सातपुडा दिसतो अशा गावात माझं कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं, फवारणीची औषधं विकतो. डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही, आणि हे वाचून कुणी आपली गोळी बंद करू नये. पण 'फॅटी लिव्हर' लिहिलेला रिपोर्ट कपाटात कोंबून 'पाहू पुढं' म्हणणारे माझ्या ओळखीतच ढीगभर आहेत. त्यांच्यासाठी लिहितोय. माझं लिव्हर बिघडलं होतं आणि मी ते परत आणलं. आता ऐटीत सांगतोय खरा, पण त्या वर्षी माझी पार तंतरली होती.

पोट आलं ते बीटीसोबत

बीटी कापूस यायच्या आधी मी सडपातळ होतो. बोंडअळीचे दिवस होते ते. सकाळी शटर उघडायच्या आत कुणीतरी येऊन हाताला धरायचं, "भाऊ, वावरात चला, पाहून घ्या एकदा." मग धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालत जायचं, पानं उलटून पाहायची, अळी कोणती ते ठरवायचं. दुपारपर्यंत दोन-तीन वावरं व्हायची.

बीटी आली आणि अळी थांबली. मला वावरात बोलवायचं कुणाला कारण उरलं नाही. पेरणीच्या तोंडावर पाकिटांसाठी लोकच दुकानात गर्दी करायला लागले. मी खुर्चीत बसलो तो बसलोच. प्रत्येक गिऱ्हाइकासोबत एक चहा. आमच्याकडे समोरच्याला चहा पाजून आपण न घेणं म्हणजे त्याचा अपमान करण्यासारखं आहे. चहाही असा की साखर अंमळ कमी पडली तर पिणारा तोंड वाकडं करतो. घरातली ज्वारीही त्याच सुमारास गेली. सगळीकडे कापूस, मग ज्वारी पेरतो कोण? ताटात पोळ्या आल्या, वर तेलाची तर्री आली.

माझं पोट कसं वाढत गेलं हे सगळ्यात नीट ठाऊक होतं रहीमभाईला. तो माझ्या वर्गातला, दुकानासमोरच त्याचं शिलाईचं मशीन. दरवर्षी माझ्या पँटी कमरेत सैल करून द्यायचा. एके दिवशी त्याने पँट उलटी करून शिवण दाखवली. "इलास, आता आत कपडा उरला नाई बाप्पा. पुढच्या खेपेले तुले तंबू शिवा लागते."

मी हसलो. बाकी गाव तर कौतुकच करत होतं. "भाऊची तब्येत मस्त झाली" म्हणायचे. आमच्याकडे तब्येत म्हणजे पोट.

दादा

दादाबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझा मोठा भाऊ, शाळेत मास्तर. माझ्यासारखाच पोटाचा, माझ्यासारखाच गोडाचा. कपात साखर खाली बसलेली दिसली की त्याला बरं वाटायचं, ती बोटाने चाटून खायचा. त्याच्या पोटात पाणी झालं, डोळे पिवळे पडले, शेवटी रक्ताची उलटी झाली आणि तो गेला. पन्नाशीही गाठली नव्हती.

लिव्हर गेलं, हे कळल्यावर गावाने आपलं ठरवून टाकलं. मास्तर लपून घेत असेल. मास्तर लोक तसेच, घरात बसून घेतात. मी दोघाचौघांशी भांडलो, पण कुणाकुणाचं तोंड धरणार?

पहिल्या वर्षी पितृपक्षात पित्तर घातलं तेव्हाची गोष्ट. मेलेल्या माणसाच्या आवडीचं त्याच्या ताटात वाढायचं, ही आमच्याकडची रीत. वहिनीने पुरणाची पोळी, कढी, भजी केली होती. आमच्या वडिलांचे चुलतभाऊ, त्यांना आम्ही काकाजी म्हणतो, त्यांनी बंडीच्या खिशातून देशीची क्वार्टर काढून दादाच्या ताटाशेजारी ठेवली. म्हणाले, "ठेव पोरी. त्याच्या आवडीचं बी वाढा लागते, नाईतं जीव घुटमळते."

काकाजी काही वाईट हेतूने बोलले नव्हते, त्यांना ते खरंच वाटत होतं. वहिनीने बाटली उचलली, अंगणात जाऊन ओतून आली, हात धुतले आणि पंगत वाढायला लागली. पण त्यानंतर तिने दादाच्या पित्तराला कुणालाही बोलावलं नाही. एकटी रांधायची, एकटी वाढायची.

"घेता का?"

मला ताप आला तो पावसाळ्यात, कापूस पात्यावर, म्हणजे कळ्यांवर, असताना. उतरेना म्हणून खामगावला नेलं, दवाखान्यात भरती केलं. सलाईन, सकाळी रक्त, दुपारी इंजेक्शन. भेटायला येणारा प्रत्येक जण बिस्किटाचा पुडा किंवा ग्लुकोजचा डबा घेऊन यायचा आणि माझ्या पायाशी बसून दुसऱ्याच कुणाच्या तरी मरणाची गोष्ट सांगायचा. या लोकांना खाटेजवळ येऊ देऊ नका, एवढा तरी सल्ला माझ्याकडून घ्याच.

ताप उतरला. डॉक्टर राउंडला आले, कागद पाहता पाहता म्हणाले, "ताप गेला तुमचा. पण एसजीपीटी बरंच वाढलंय. लिव्हरवर सूज आहे, सोनोग्राफीत चरबीपण दिसते. घेता का?"

मी म्हटलं, "हो, चहा घेतो."

अख्खा वार्ड हसला. डॉक्टरही हसले आणि पुढच्या खाटेकडे गेले. शेजारच्या खाटेवरचा माणूस माझ्याकडे वळून समजुतीने म्हणाला, "कबूल करून टाका भाऊ. आपन काय पोलिस हाव का?"

त्याच वेळी वहिनी डबा घेऊन दारात उभी होती. तिने एकच शब्द ऐकला होता, लिव्हर. ती आत आली, डबा खाली ठेवला आणि स्टुलावर बसून राहिली. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदा मी घाबरलो. तोवर मला माझं दुखणं किरकोळच वाटत होतं. दादाचंही सुरुवातीला किरकोळच होतं.

ती म्हणाली, "भाऊजी, एक नेला त्यानं. दुसरा मी नेऊ देनार नाई."

कावीळ

इथे आम्ही जी चूक केली ती आमच्याच भागातली माणसं करू जाणोत.

डिस्चार्जच्या वेळी डॉक्टर गडबडीत होते. औषधं समजावली कंपाउंडरने. लिव्हरवर सूज म्हणजे काय, असं माझ्या बायकोने, रेखाने, विचारलं. तो म्हणाला, "काविळीचाच प्रकार समजा ना ताई. पथ्य पाळा, आराम करू द्या." झालं. कावीळ म्हटल्यावर काय करायचं हे आमच्याकडे सगळ्यांनाच पाठ असतं, त्यासाठी कुणी डॉक्टरला विचारत नाही.

हळद बंद. फोडणी बंद. मला खाटेवर आडवं केलं. आणि उसाचा रस सुरू. पावसाळ्यात रसवंत्या बंद असतात, पण वहिनीने तालुक्याच्या बाजारात एक चालू असलेली हुडकून काढली. सकाळी तांब्याभर, संध्याकाळी तांब्याभर. मधे ग्लुकोजचं पाणी, खडीसाखर, भिजवलेल्या मनुका. जो येईल तो रस घेऊन यायचा. एका मामांनी काविळीची मुळ्यांची माळ आणून गळ्यात घातली. कावीळ उतरत जाते तशी माळ लांबत जाते म्हणतात. माळ काही लांबली नाही, पोट मात्र तिच्या दिशेने पुढे आलं.

महिनाभर मी राजासारखा लोळलो आणि गोड प्यालो. महिन्याने परत रक्त तपासलं तर आकडा आधीपेक्षा वर. वजनही वाढलेलं.

रेखा स्वयंपाकघरात जाऊन रडली. वहिनी रडली नाही. तिने बॅग भरली आणि म्हणाली, "अकोल्याले चाला. मोठ्या डॉक्टरले दाखवू. मी बी येतो."

अकोल्याचा डॉक्टर

तो डॉक्टर कमी बोलणारा होता. सगळे कागद पाहिले, पोट दाबलं, पुन्हा सोनोग्राफी केली, लिव्हर किती कडक झालंय ते पाहायची एक तपासणीही केली. मग विचारलं, "खायला काय देता?"

वहिनीने मोठ्या अभिमानाने सांगितलं. रस किती, ग्लुकोज किती, खडीसाखर कुठून आणली, आराम कसा कडक. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की डॉक्टरने पेन खाली ठेवलंय.

"बाई," तो म्हणाला, "तुम्ही आजारी माणसाला नाही, आजाराला जेवू घातलं."

मग त्याने सांगितलं ते असं. ही कावीळ नाही. लिव्हरमध्ये चरबी साठली आहे. जास्तीची साखर आत गेली की लिव्हर तिची चरबी करून स्वतःमध्येच ठेवतं. बसून राहिलं की ती साठतच जाते. "अजून मऊ आहे, म्हणून बरं. आता मागे फिरलात तर लिव्हर पुन्हा पूर्ववत होईल. पण एकदा निबर व्हायला लागलं की माझ्या हातात फारसं काही राहत नाही."

निबर. हा शब्द त्याने कुठून उचलला माहीत नाही, पण माझ्या डोक्यात तो जाऊन बसला. निबर झालेली भेंडी आमच्या घरात कुणी खात नाही, बैलापुढे टाकतात. मी विचारलं, "औषध कोणतं?" तो म्हणाला, "साखर बंद, तेल कमी, वजन उतरवायचं, रोज चालायचं. तुमच्यासाठी औषध हेच."

रेखा आणि मी उठलो. वहिनी उठली नाही. पदर सावरून तिने विचारलं, "डॉक्टरसाहेब, मानूस दारू पेत नसंल तरी त्याले असं होते का? पोटात पानी, रक्ताची उलटी?"

"होतं. फॅटी लिव्हर वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर काही जणांचं तिथपर्यंत जातं. एक थेंब न घेणाऱ्यांचंही."

"परत सांगा."

डॉक्टरने तिच्याकडे नीट पाहिलं. "कोण होतं तुमचं?"

"माहा मानूस."

दादाबद्दल ती जे सांगू शकली ते त्याने सगळं ऐकून घेतलं. गोडाची आवड, पोट, शेवटी शेवटी निघालेली शुगर. मग म्हणाला, "कागद पाहिल्याशिवाय मी छातीठोक सांगणार नाही. पण दोघं सख्खे भाऊ, तब्येत सारखी. याच वाटेने झालं असण्याची शक्यता पुष्कळ आहे. दारूच असली पाहिजे असं अजिबात नाही."

परतीच्या बसमध्ये वहिनी खिडकीशी बसली होती. शेगाव मागे पडलं तेव्हा ती बाहेर पाहतच म्हणाली, "भाऊजी, ते गेल्यावर मी त्यायचं कपाट तपासलं होतं. गादी बी उसवून पाह्यली. बाटली भेटते का म्हनून." ती पुढे म्हणाली, "तुमी मेले ना, तं लोक म्हनतील दोघं भाऊ पेनारेच होते. मंग मी त्यायच्यासाठी कोनापुढं तोंड उघडू?"

तेव्हा मला कळलं की हे फक्त माझ्या जिवाचं राहिलेलं नाही. मी बरा झालो तर दादाही सुटणार होता.

गावात चालणं

चालणं सोपं वाटतं ना? आमच्या गावात चालून दाखवा.

पहिल्या दिवशी सकाळी मी डांबरी रस्त्याने निघालो. पहिली मोटारसायकल थांबली. "कुठी चालले भाऊ? बसा." नको म्हटलं. "राग आला का?" दुसरी थांबली. तिसरा तर बकरी मागे बांधलेला, तरी म्हणे सरकून बसा, मावते. एकाने मागून येऊन हळूच विचारलं, गाडी गहाण पडली का? रिकामा माणूस रस्त्याने का चालतो हे आमच्या लोकांना समजूच शकत नाही. तिसऱ्या दिवशी मी वैतागून रस्ताच सोडला आणि वावरांतून निघालो. धुऱ्यावर मोटारसायकल चालत नाही.

पहिल्यांदा नाल्याच्या चढावर जी धाप लागली, ती आठवली की आजही लाज वाटते. सुखदेव पाटलाच्या मळ्यापर्यंत जाऊन मी बांधावर बसकण मारली. सुखदेव माझं जुनं गिऱ्हाईक. तो कापसातून बाहेर आला, हातात दोन हिरवी बोंडं.

"बरं झालं आलास. पाह्य हे तुह्यं बियानं."

त्याने बोंडाला नख लावून फोडलं. बाहेरून हिरवंगार, टणक. आत कापूस सडलेला आणि मधोमध गुलाबी अळी. दुसरं फोडलं, तेही तसंच. त्याच वर्षी, बीटीलाही न जुमानणाऱ्या गुलाबी बोंडअळीने आमच्या भागाची वाट लावली.

"तूच देल्लं होतं," सुखदेव म्हणाला. "तू म्हनला होतास, बीटी हाये, बिनधास्त राह्य."

मी म्हटलं होतं खरं, आणि कंपनीने मलाही तसंच सांगितलं होतं. मी बांधावर बसून ते फुटकं बोंड हातात धरलं आणि दुसरा हात आपोआप पोटावर गेला. बाहेरून तब्येत मस्त, आत हे. त्या दिवसापासून साखर सोड, असं मला कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

आणि वावरात जायला मला पुन्हा कारण मिळालं. कामगंध सापळे लावले, म्हणजे नर पतंग वासाने येऊन अडकतात ते. रोज सकाळी या मळ्यातून त्या मळ्यात जाऊन सापळ्यात किती पतंग पडले ते पाहायचं, डोमकळ्या, म्हणजे अळी शिरल्याने न उमललेली फुलं, तोडायच्या, पाच-सहा बोंडं फोडायची. लोक शिव्या द्यायचे, मग सोबत चालायचे. प्रामाणिकपणे सांगतो, त्या वर्षी त्यांचा कापूस फारसा वाचला नाही. माझं लिव्हर मात्र त्यांच्याच धुऱ्यांवर सुधारत होतं. हे लिहिताना संकोच वाटतो, पण खरं तेच आहे.

नवस

चालण्याचं जमलं, चहाचं जमेना. 'पथ्य आहे' म्हटलं की लोक चेकाळतात. "एका कपानं काय होते?" "कमी साखरेचा घ्या." "शुगर झाली का? आमच्या साडूले बी आहे, तो तं जिलेबी खाते." लिव्हर म्हणालो तर ती ओळखीची नजर. एका दिवसात मी असे किती कप नाकारायचे? चिडचिड व्हायला लागली. दुकानात गिऱ्हाइकांवर ओरडायचो, घरी ताटातली भाकर पाहून ओरडायचो.

एकदा मी ताट ढकललं. रेखाने ते उचललं नाही. ती म्हणाली, "जेवू नका. पन एक ध्यानात ठेवा. वयनीनं जे ऐकलं ना इतके वर्स, ते मले नाई ऐकाचं." मी मुकाट्याने ताट ओढून घेतलं. आधी या दोघींची चुलीवरून धुसफूस चालायची. वहिनी आमच्या स्वयंपाकघरात घुसते, मुलांच्या भाज्यांतलंही तेल काढते, हे रेखाला खपत नव्हतं. त्या दिवसापासून दोघी एक झाल्या आणि मी एकटा पडलो. ज्वारीची नाहीतर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकर, पालेभाजी, मुगाची डाळ, वाटीभर ताक. दोघींपैकी एक तरी नजर ताटावर असायचीच.

चहाची वाट काढली रहीमभाईने. माझी कटकट ऐकून तो दात आणि ओठ यांत टाचणी धरूनच बोलला. "रमजानात मले कोनी चहा पाजते का बे?"

"नाई."

"काऊन? मी काई बोर्ड लावतो का? त्यायले मालूम हाये, रोजा हाये. तू पथ्य काहाले सांगतं? पथ्य डॉक्टरचं राह्यते, ते लोक मोडू देतात. तू नवस सांग."

दुसऱ्या दिवशी पहिला कप आला तेव्हा मी हात जोडले. "साखरेचा नवस आहे, भाऊ. चालत नाही." समोरच्याने कप मागे घेतला आणि वर कानाला हात लावला. आठवडाभरात गावात पसरलं, विलासभाऊने साखर सोडली, नवस बोलला. लग्नात वाढपी गुलाबजाम घेऊन आला की पंगतीतली माणसंच त्याला हटकायची, "त्यायले नको वाढू, नवस हाये." ज्यांनी मला एका कपासाठी छळलं होतं तेच आता माझी राखण करत होते. कोण्या देवाला बोललास, असं विचारलं की मी सांगायचो, आमच्या वहिनीला. लोकांना गंमत वाटायची. मी गंमत करत नव्हतो.

पँट

कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या, ऊन तापायला लागलं, तेव्हा अकोल्याला गेलो. मधे एकदा तपासलं होतं, आकडा निम्म्यावर आला होता, पण मी मनाला आवर घातला होता. या वेळी डॉक्टरने कागद पाहिला, मग मला पाहिलं, मग परत कागद पाहिला.

"काय केलंत?"

"काही नाही. धुऱ्यावरून चाललो."

एसजीपीटी जिथे असायला हवं तिथे आलं होतं. सोनोग्राफीत चरबीचा जेमतेम मागमूस उरला होता. (पुढच्या पावसाळ्यात परत सोनोग्राफी केली तेव्हा तोही गेला.) "तुमच्यासारखे दहा आले तर मला रोज हुरूप येईल," असं तो न बोलणारा डॉक्टर बोलला. मी दवाखान्याबाहेर येऊन रस्त्यावरच एक शिट्टी वाजवली. शाळा सुटल्यावर वाजवायचो, तशी. वहिनी म्हणाली, "भाऊजी, लोक पाह्यतात." पण ती हसत होती. दादा गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

रहीमभाई महिनोन्‌महिने माझ्या पँटी आवळून द्यायला नकार देत होता. "परत फुगला तं माह्या हाताची मेहनत फुकट." मी पट्ट्याला खिळ्याने भोकं पाडून फिरत होतो. त्या संध्याकाळी त्याने रिपोर्ट वाचता येत नसतानाही खालीवर करून पाहिला, टेप गळ्यातून काढला आणि माझी कंबर मोजली. आतला सगळा कपडा परत आत गेला, वर पुष्कळ उरला. उरलेल्यातून त्याने टोपी शिवून दिली. ती मी सापळे पाहायला जाताना घालतो.

यंदाचं पित्तर

यंदा वहिनीने दादाच्या पित्तराला सगळ्यांना बोलावलं. भाऊबंद, शेजारी, शाळेतले मास्तर, रहीमभाई. आणि काकाजींना बोलवायला ती स्वतः त्यांच्या घरी गेली.

पंगत बसली. काकाजी आता थकलेत, मी त्यांना भिंतीशी टेकून बसवलं. दादाचं ताट मधे मांडलेलं. पुरणाची पोळी, कढी, भजी, भाकरही. वहिनी आतून आली ती कपबशी घेऊन. चहा होता. तिने तो दादाच्या ताटाशेजारी, जिथे त्या वर्षी बाटली ठेवली होती तिथेच ठेवला. मग चमच्याने साखर टाकली. एक, दोन, तीन. ढवळली नाही, खाली बसू दिली.

काकाजी म्हणाले, "हे काय वं?"

"त्याच्या आवडीचं वाढा लागते ना, काकाजी," वहिनी म्हणाली. आवाज चढवला नव्हता, तरी पंगतीच्या टोकापर्यंत ऐकू गेला. "माह्या मानसाची दारू हीच होती. अकोल्याच्या डॉक्टरनं सांगतलं. पटत नसंल तं ह्या भाऊजीकडं पाह्या. त्यालेही तेच झालं होतं. त्यानं साखर सोडली, तो वाचला."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पोट नसलेला मी, रहीमभाईने आवळलेल्या पँटीत, हातात वाढायचं पातेलं. इतक्या वर्षांत माझ्या तब्येतीकडे असं कुणी पाहिलं नव्हतं.

काकाजींनी त्या कपाकडे पाहिलं. मग हात जोडले, ताटाकडे नाही, वहिनीकडे. म्हणाले, "पोरी, माह्याकडून चूक झाली. मास्तर पेत नव्हता."

वहिनीने पदर डोक्यावर घेतला आणि त्यांच्या ताटात पोळी वाढली. मी तिच्या मागून कढी वाढत गेलो.